आधी जलतरणपटूंचा विचार करा

अमेरिकेतील महाविद्यालयांना न्यायालयीन तडजोडीनुसार जुलै २०२५पासून आपल्या खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली असून, पहिल्या वर्षासाठी प्रत्येक संस्थेला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरची मर्यादा आहे. यामुळे स्पर्धेतील समतोल ढळेल, हा आक्षेप मला पटत नाही. कारण मोबदल्यावर बंदी असतानाही २००९ ते २०२० या हंगामांत अलाबामा विद्यापीठाने अमेरिकन फुटबॉलची सहा राष्ट्रीय विजेतेपदे पटकावलीच होती. मला खरी काळजी वाटते ती पहाटे पाच वाजता, अंधारातच तलावात उतरणाऱ्या जलतरणपटूंची. फुटबॉल आणि बास्केटबॉल हे कमावते खेळ असल्याने बहुतांश रक्कम तिकडेच वळणार आणि ऑलिंपिकपटू घडवणाऱ्या बाकीच्या खेळांच्या खर्चाला कात्री लागणार. तडजोडीतच त्यांच्यासाठी ठरावीक हिस्सा राखून ठेवायला हवा होता.

– एक वाचक, पुणे