ऑडिओग्रामवरची दुसरी रेषा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ मार्चच्या जागतिक श्रवण दिनाच्या आगेमागे आपल्या खान्देशात कानाच्या मशीनच्या मोफत वाटपाची शिबिरे होतात आणि त्यांच्या बातम्या आपल्या अंकात वाचायला मिळतात. शिबिरे भरवणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. परंतु अशी मिळालेली दोन मशीन माझ्या कपाटात वर्षानुवर्षे पडून आहेत. ती का पडून राहिली, याचे खरे कारण मला वयाच्या साठीत समजले. ते इतरांना तरी वेळेवर समजावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लहानपणापासून माझे दोन्ही कान वाहत असत. लसूण घालून कडवलेले तेल कानात सोडणे हाच आमच्या घरचा उपाय होता. (तो आजही अनेक घरांत होतो. फुटलेल्या कानात तेल मुळीच घालू नये, हे मी शाळेतील पालकांना सतत सांगत आले.) पुढे उजव्या कानाचे मास्टॉइडचे (कानामागच्या हाडाचे) ऑपरेशन झाले, डाव्या पडद्याचे छिद्र राहिले आणि ऐकणे हळूहळू कमी होत गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे शिकवताना शेवटची काही वर्षे तर मी मुलांच्या ओठांकडे बघूनच उत्तरे तपासत होते. मशीन लावले की त्याच्या साच्याने कानाचे तोंड बंद होई, आठवडाभरात कान पुन्हा वाहू लागे आणि मशीन डबीत जाई. 'तुम्हाला मशीन मानवत नाही,' असे मला सांगण्यात आले आणि मीही ते मान्य केले.

गेल्या वर्षी भाच्याने मुंबईला नेले, तेव्हा तेथील ऑडिओलॉजिस्टताईंनी (श्रवणतज्ज्ञांनी) आधी माझा जुना ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, मागितला. त्यावर गोल आणि फुल्या होत्या, म्हणजे हेडफोनमधून हवेवाटे घेतलेली चाचणी होती. कंसासारख्या खुणांची दुसरी रेषा मात्र त्यावर नव्हतीच. ही दुसरी रेषा हाडावाटे घेतलेल्या चाचणीची असते. कानामागच्या हाडावर छोटा ठोकळा दाबून बसवतात, दुसऱ्या कानात वाऱ्यासारखा सूं-सूं आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवतात आणि बाहेरचा व मधला कान वगळून आतला कान स्वतः किती ऐकतो, ते मोजतात. माझ्या उजव्या कानाची हवेची रेषा ७५ डेसिबलवर होती, हाडाची ३५ वर (आकडा जितका मोठा, तितके ऐकणे कमी). याचा अर्थ आतला कान थोडा कमजोर झालेला असला तरी बराचसा शाबूत आहे आणि मोठा अडथळा मधल्या कानात आहे. आवाज वाहून नेण्यातला दोष आणि आतल्या कानाचा दोष एकत्र असले की त्याला मिश्र श्रवणदोष म्हणतात. साध्या मशीनला हा सगळा अडथळा ओलांडावा लागत होता, तोही वाहत्या कानातून.

अशा रुग्णांसाठी हाडावाटे आवाज पोहोचवणारी, शस्त्रक्रियेने बसवायची साधने आहेत. त्यांत नवलाई काही नाही. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९७७ मध्ये पहिल्या रुग्णांना ती बसवली गेली. टायटॅनियम धातू जिवंत हाडाशी एकजीव होतो, या स्वीडिश संशोधक ब्रोनेमार्क यांच्या शोधावर ती आधारलेली आहेत आणि दाताचे इम्प्लांट त्याच शोधातून आले आहे. जळगाव-धुळ्यातील दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर 'इम्प्लांट' हा शब्द आपण रोज वाचतो. कानासाठी मात्र तो शब्द निघाला की सर्वांना फक्त कॉक्लिअरच आठवते. कॉक्लिअर इम्प्लांट हे आतला कान फारच निकामी झालेल्यांसाठी असते. हाडावाटे चालणाऱ्या साधनांचे तसे नाही. प्रोसेसरच्या, म्हणजे आवाज टिपून हाडाला कंपने देणाऱ्या बाहेरच्या भागाच्या, ताकदीनुसार साधारण ४५, ५५ किंवा ६५ डेसिबलपर्यंतच्या हाडाच्या रेषेला ती पुरतात. म्हणून ती रेषा काढल्याशिवाय कोणाला काय योग्य, हे ठरवताच येत नाही.

त्या मूल्यमापनातील एक भाग मला विस्ताराने सांगावासा वाटतो. शस्त्रक्रियेआधी तेच साधन एका पट्ट्याने डोक्याला बांधून ऐकवून पाहता येते. प्रथम पट्ट्याविना ताईंनी तोंडापुढे कागद धरून मराठी शब्द उच्चारले. 'ताट'ला मी 'पाट' म्हटले, 'खाट'लाही 'पाट'च म्हटले. दहापैकी चार शब्द बरोबर आले. मग केसांवरून पट्टा आवळून ठोकळा कानामागे टेकवला आणि त्याच आवाजात दुसरे दहा शब्द झाले. नऊ बरोबर आले. मागे बसलेल्या यजमानांनी अहिराणीत हळूच विचारले, 'आयकू येस का?' आणि मी मान न वळवता 'हो' म्हटले. कान पूर्ण उघडा होता, त्यात काहीही खुपसलेले नव्हते. पट्ट्याचा दाब दुखतो आणि मधली कातडी थोडा आवाज खाते, त्यामुळे हा अनुभव म्हणजे अंतिम निकाल नव्हे, हेही मला स्पष्ट सांगितले गेले.

बाकीच्या गोष्टी अजून चालू आहेत. कान आधी कोरडा व्हायला हवा. कवटीच्या हाडाची जाडी आणि जुन्या ऑपरेशनची जागा पाहण्यासाठी सीटी स्कॅन करायचा आहे. कातडीबाहेर खुंटी येणारा प्रकार घ्यावा की कातडीखाली राहणारा, याचाही विचार करावा लागेल, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या आपल्या भागात घाम आणि धूळ यांमुळे खुंटीभोवतीची कातडी रोज सांभाळणे सोपे नाही. पुढेमागे एमआरआय करावा लागला तर काय, हेही आधीच विचारून घेतले पाहिजे. मूल्यमापनाअंती 'शस्त्रक्रिया नको' असेही उत्तर येऊ शकते आणि ते मला मान्य असेल. परंतु ते उत्तर तपासून मिळायला हवे. 'मानवत नाही' या दोन शब्दांवर माझी वीस वर्षे गेली.

माझी मागणी मोठी नाही. धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. कान वाहण्याचा इतिहास असलेल्या प्रत्येक रुग्णाची हाडावाटे चाचणी तेथे व्हावी आणि शिबिरात मशीन देण्यापूर्वीही ती सक्तीची असावी. पट्ट्यावर ऐकवून पाहण्याचा एक संच तिन्हींपैकी एका ठिकाणी तरी ठेवावा. तोच संच अनेक रुग्णांना वापरता येतो. शस्त्रक्रियेसाठी मुंबई-पुण्याला जावे लागले तरी चालेल, पण केवळ आपण त्यासाठी योग्य आहोत की नाही, एवढे कळण्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतमजुराने चारशे किलोमीटरचा प्रवास आणि दोन दिवसांची मजुरी का गमवावी? दिव्यांगांना साधने मिळवून देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटला मदत मिळते, ती मिळायलाच हवी. त्याबरोबर मिश्र श्रवणदोष असलेल्या प्रौढांसाठीही तरतुदीचा विचार शासनाने करावा.

दरम्यान, ज्यांच्या घरी कानाचे मशीन डबीत पडून आहे त्यांनी आपला जुना ऑडिओग्राम काढून पाहावा. गोल आणि फुल्यांखेरीज कंसासारख्या खुणा त्यावर नसतील, तर तो कागद घेऊन कान-नाक-घसा विभागात जावे आणि हाडावाटे चाचणी करून मागावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर (जि. जळगाव)