कुर्डीच्या जोत्यांवर नावं लावा

माननीय जलस्रोतमंत्री, गोवा राज्य,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात साळावली धरणाचं पाणी ओसरतं आणि आमचं कुर्डी गाव वर येतं. सोमेश्वराच्या उत्सवाला मी आईला घेऊन जाते. भेगाळलेल्या चिखलातून चालताना ती कुणाला वाट विचारत नाही. चार चिरे दिसले की थांबते. हे कुणाचं घर, तुळस कुठं होती, कुठून उतरलं की खालच्या वाड्यावर जाता यायचं, सगळं सांगते. मी वाडे-कुर्डीच्या पुनर्वसन वसाहतीत जन्मले. ती सोबत नसली तर मला नुसते चिरे दिसतात.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात आले होते. धरणाचं पाणी साऱ्या गोव्याच्या उपयोगी पडेल, असं त्यांनी समजावलं आणि लोकांनी मानलं. भाताची शेतं, माड, काजू, फणस सोडून सुमारे तीन हजार माणसं वाडे आणि वालकिणी इथल्या वसाहतींत आली. १९८६ पर्यंत गाव पाण्याखाली गेलं. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान एकत्र नांदलेलं गाव होतं हे; देवळाचा उत्सव असतो तसं चॅपेलचं फेस्तही तिथं अजून होतं.

कुर्डीचं प्राचीन महादेव मंदिर मात्र बुडू दिलं नाही. दगड न् दगड सुटा करून ते दुसरीकडे पुन्हा उभं केलं. कुर्डीची मोठी मातृदेवता वेर्ण्याला नेली. हे फार चांगलं झालं. तेवढीच काळजी घरांची आणि वाड्यांची घ्या, एवढंच मागते. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं घर लोक शोधत येतात, बाकीची घरं विचारणारं कोणी नाही. जोत्यांवरून गाड्या जातात, तेव्हा आई मान फिरवते.

साहेब, घर सोडताना जे कर्ते होते ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. वाड्यांची, पाणवठ्यांची, शेतांची नावं त्यांच्याच तोंडी उरली आहेत. येत्या मे महिन्यात जुने सर्वेचे नकाशे देऊन माणसं पाठवा. या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन प्रत्येक जोतं नोंदवा, पाण्यात टिकेल अशी दगडी पाटी लावा, आणि गाड्या गावाबाहेर थांबवा. पाऊस लागला की सगळं पुन्हा बुडतं, त्यामुळे माणसांची नेमणूक मार्चपर्यंत व्हायला हवी. दाखवायला आई येईल.

आपली नम्र,
वाडे-कुर्डी, सांगे इथली एक रहिवासी