दाढी सगळ्यांसमोर लावणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सा. न. वि. वि.

नाताळ होऊन दोन दिवस झाले, तरी बिल्डिंगमधले पोट्टे गळ्यात टॉवेल अडकवून "आता दाढी लावू का?" असं विचारत फिरून राहिले आहेत. आणखी चार दिवस थांबलो तर हे पत्र फारच शहाण्यासारखं होईल, म्हणून आजच लिहितो आहोत.

आधी दाढीचं. तुम्ही सांताक्लॉज होऊन आलातच नाही. रोजच्या स्वेटरमध्ये, हातात कापडी पिशवी घेऊन आलात, सतरंजीवर मांडी घातलीत आणि पिशवीतली एकेक वस्तू मुलांच्या हाती दिलीत. टोपी फिरली, कोट फिरला, पट्टा फिरला. दाढी सगळ्यात शेवटी. ती ओढून झाली, हुंगून झाली, एकाने स्वतःला लावूनही पाहिली. मग तुम्ही विचारलंत, "आता मी लावू का?" आणि सगळ्यांच्या माना हलेपर्यंत थांबलात. त्या थांबण्यासाठी हे पत्र आहे. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

कारण विचारलं तेव्हा तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. दोन-तीन वर्षांचं लेकरू माणूस ओळखतं ते तोंडावरून. दाढीमिशीत तोंड बुडालं की हसू दिसत नाही, त्यात लाल मखमल आणि वरून "हो हो हो" अशी गर्जना, मग ते रडेल नाही तर काय करेल? म्हणून आधी टोपी, मग कोट, शेवटी दाढी, आणि आवाज रोजचाच. मांडीवर कोणाला ओढायचं नाही. खाऊ पुढ्यात ठेवून आपण वीतभर मागे सरकायचं. ज्याला यायचं तो येतो. सुटा कापूस बोलताना तोंडात जातो म्हणून दाढीला आतून मलमलची पट्टी शिवलेली. वेळ संध्याकाळी सहानंतरची, कारण नागपुरात डिसेंबरच्या दुपारीही मखमली कोटात घाम फुटतो आणि घामेजलेला सांता चिडका होतो.

गेल्या वर्षी ज्यांना पैसे मोजून बोलावलं होतं त्यांचं नाव घेत नाही. दोन मोठाले स्पीकर, फवाऱ्याचा साबणी बर्फ, आणि एकेका मुलाला सांताच्या मांडीवर बसवून फोटो. ओळ अर्धा तास चालली आणि रडारड त्याहून जास्त. फोटोंत मुलांची तोंडं वासलेली, आणि त्यावर सुंदर अक्षरांत "आनंदी नाताळ". त्याआधी एका शाळेने सूचना काढली होती की लाल कपडे घाला आणि पालकांनी भेटवस्तू नाव लिहून ऑफिसात जमा करा. भेट आपणच घ्यायची, आपणच जमा करायची आणि मुलाने ती अनोळखी माणसाच्या हातून घ्यायची. यात खेळ कुठे आला बाप्पा?

आमच्यातल्या काहींना वेगळीच धास्ती होती. काकाजीच सांता झाले हे मुलांनी पाहिलं तर मजा काय उरेल? मजा उरली. दाढी चढल्याबरोबर ज्या मुलीने ती तुमच्या हातात दिली होती, तिनेच "तुमची हरणं कुठं आहेत?" असं विचारलं. आणि आपल्याकडे महालक्ष्म्यांची पावलं आई काढते हे कोणत्या मुलाला ठाऊक नसतं? तरी पावलावर पाऊल ठेवत ते देव्हाऱ्यापर्यंत जातंच. खेळ आहे हे कळूनही मूल खेळात पूर्ण असतं. हे आम्हाला ठाऊक असायला हवं होतं, कारण तान्हा पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, आमचीच मुलं लाकडी नंदीला खरोखर चारा घालतात.

तान्हा पोळ्याचा धागा तुम्हीच हाती दिलात. कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, म्हणत घरोघर जाणं म्हणजे पोळ्याच्या झडत्या म्हणत बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करण्यासारखंच, हे तुमचं वाक्य निघालं आणि "हा आपला सण आहे का" हा वाद जिन्यातच विरला. येशूजन्माच्या गव्हाणीतल्या देखाव्यात बैल लागतो म्हटल्यावर माळ्यावरून पाच नंदी खाली आले. असा देखावा संत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी मांडला, तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव आणलं होतं म्हणतात. आमच्या गव्हाणीत चाकांचे बैल आहेत, गाढव नाही.

गव्हाणीतल्या गवतासाठी गहू. १३ डिसेंबरच्या रात्री मूठभर गहू भिजत घातले, आठ-दहा तासांनी पसरट डब्यात दोन बोटं मातीवर दाट पसरले. नवरात्रातल्या घटाच्या हिशेबाने नऊ दिवस धरले असते तर फसलो असतो. डिसेंबरच्या थंड रात्रींत उगवायला दोन-तीन दिवस जास्त लागतात. कोंब दिसेपर्यंत ओला पंचा झाकायचा आणि मग लगेच उजेडात ठेवायचं, नाहीतर पाती पिवळी पडून लोळतात. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. एका घरी ओतलं, तिथे बुरशीचा वास सुटला.

काडेपेट्यांचं कॅलेंडर यंदा उशिरा कळलं, तरी १० तारखेपासून केलं. पंधरा रिकाम्या पेट्या, तीन उभ्या रांगा, प्रत्येकीत पाच. रोज एक खण उघडायचा, २४ ला शेवटचा. आतला खण बाहेर काढूनच बाहेरचं खोकं चिकटवायचं. पहिल्या प्रयत्नात फेविकॉल आत ओघळला आणि सहा खण कायमचे बंद झाले. आकडे ओळीने लिहायचे नाहीत, रोजचा आकडा शोधण्यातच अर्धा खेळ. गुळाची चिक्की ठेवली की रात्रीतून मुंग्यांची रांग लागते, म्हणून कागदात गुंडाळलेली गोळीच. सगळ्या खणांत खाऊ नको. काहींत मणी, काहींत चिठ्ठी: "आज आजीला फोन कर", "आज आईला एक गाणं शिकव". दुसऱ्याच दिवशी सगळं उघडून बसणाऱ्यांवरचा तुमचा उपाय सर्वांत सोपा. आदल्या रात्री फक्त दुसऱ्या दिवसाचाच खण भरायचा.

संत्र्याबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण इथे आम्ही नागपूरकर असून तोंडघशी पडलो. क्रिस्टिंगल, म्हणजे संत्र्यात मेणबत्ती रोवून केलेला नाताळचा दिवा, हा प्रकार मूळ जर्मनीतल्या मारिएनबोर्न इथल्या मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचा. १७४७ च्या नाताळात तिथल्या बिशपांनी मुलांना लाल फीत बांधलेली पेटती मेणबत्ती दिली. संत्रं त्यात पुढे आलं, आणि इंग्लंडात ते १९६८ पासून रुळलं. संत्रं म्हणजे जग, भोवतीची लाल फीत ख्रिस्ताचं रक्त, वरची मेणबत्ती उजेड, आणि चार काड्यांवर सुकामेवा म्हणजे चार ऋतू. आपल्याकडे तीन ऋतूंचा हिशेब, तेव्हा चौथी काडी संत्र्याच्या हंगामाची, असं पोरांनी ठरवून टाकलं.

आंबिया बहाराची, म्हणजे या दिवसांत येणारी, संत्री बाजारात होतीच. आम्ही छान पिकलेली, केशरी, मोठी निवडली आणि तिथेच चुकलो. आपल्या संत्र्याची साल सैल आणि मध्ये पोकळी. मेणबत्ती खुपसली की ती डुगडुगते, कलते, रस गळतो. तुम्ही येऊन टोपलीतली लहान, घट्ट, देठाशी हिरवट झाक असलेली फळं वेगळी काढलीत. देठाकडून रुपयाएवढं भोक, मेणबत्तीच्या बुडाला अॅल्युमिनियम फॉइलचे तीन-चार वेढे, आणि त्याच फॉइलची तीन बोटं रुंद चकती खाली, म्हणजे मेण सालीवर न सांडता चकतीत साचतं. वाढदिवसाच्या बारीक मेणबत्त्या एका गाण्यातच संपतात, म्हणून करंगळीएवढी जाड पांढरी हवी. तरीही ज्यांना जमलं नाही त्यांनी मोसंबी घेतली. तिची साल घट्ट, एकदा रोवलं की हलत नाही. नागपुरात मोसंबीपुढे संत्र्याने हार मानावी हे जिवावर आलं, पण खरं आहे.

आणि बांगडी! संत्रं टेबलावर गडगडू नये म्हणून आम्ही बूड कापत होतो आणि रस वाहत होता. तुम्ही स्वयंपाकघरातून एक काचेची बांगडी मागवलीत आणि त्यावर संत्रं बसवलंत. काड्यांवर मनुका आणि पेठ्याचे तुकडे; शेंगदाणे-काजू तुम्ही उचलून बाजूला ठेवलेत, कारण चार वर्षांखालच्यांना अख्खा दाणा घशात अडकण्याची भीती. त्यांच्या काड्यांची टोकंही कापलीत आणि त्यांना बॅटरीचा दिवा दिलात. बाकीच्यांच्या मेणबत्त्या मोठ्यांच्या हाती, केस बांधलेले, ओढण्या खोचलेल्या, शेजारी पाण्याची बादली.

उरलेली हिरवट संत्री नाताळच्या खाऊसाठी टांगलेल्या मोज्यांत गेली. संत निकोलसाने गरिबाच्या घरात सोनं टाकलं आणि ते मोज्यात पडलं, अशी कथा आहे. त्या सोन्याच्या जागी संत्रं. पण अंगठ्याकडे संत्रं ठेवलं की मोजा नीट लोंबतो आणि वरचा खाऊ खाली गोळा होत नाही, हे कारण आम्हाला जास्त पटलं.

कुलकुलांचं, म्हणजे नाताळच्या तळलेल्या गोड खाऊचं, प्रमाण चार घरांनी विचारलं आहे, म्हणून इथेच देतो: पाव किलो मैदा, दोन चमचे बारीक रवा, अर्धी वाटी पिठीसाखर, चिमूट मीठ, दोन चमचे कडकडीत तुपाचं मोहन, आणि मळायला लागेल तसं नारळाचं दूध, साधारण अर्धा कप. अर्धा तास झाकून ठेवायचं. बोराएवढी गोळी नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबून पसरायची आणि गुंडाळायची. हे काम मुलांचं, कढई मोठ्यांची. शेवट नीट दाबला नाही तर तेलात उलगडतं. आच मोठी झाली तर वरून लाल, आतून कच्चं. मुलांचे कुलकुल एकसारखे कधीच होत नाहीत. त्यात मोठ्यांनी हात घालू नये, हे आमचं मत, तुमचं नाही.

सांताची पावलं कणकेने काढली तर मुंग्या येतात, रांगोळीने काढा, हेही तुमचंच. पुठ्ठ्यात बुटाचा आकार कापून चहाच्या गाळणीतून रांगोळी चाळली. फक्त ती भिंतीच्या कडेने काढायला हवी होती. गुळगुळीत फरशीवर रांगोळी सरकते, आणि सकाळी दूध आणायला निघालेले एक आजोबा थोडक्यात बचावले.

तुम्ही मानधन घेतलं नाहीत हे आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो आहोत, पण खरं सांगायचं तर पैशापेक्षा वेळेचं नवल वाटतं. तुमच्या घरी नाताळाची गडबड, संध्याकाळी चर्चला जायचं, आणि तरी तुम्ही एका रुसलेल्या पोराच्या "हो" साठी चार-पाच मिनिटं दाढी हातात धरून बसलात. अशी माणसं मोहननगरात, महालात, कुठेही असतात. पत्रिका छापून ती येत नाहीत, एवढंच.

एक अडचण कळवायची आहे. बाळ येशूच्या भेटीला येणारे तीन राजे, म्हणजे त्यांच्या बाहुल्या, फ्रिजवरून निघून रोज वीतभर पुढे सरकत ६ जानेवारीला गव्हाणीशी पोचायचे, असं तुम्ही ठरवून दिलं होतंत. आज ते चपलांच्या स्टँडपर्यंत आले, पण त्यातला एक काल संध्याकाळपासून बेपत्ता आहे. सध्या त्याच्या जागी दिवाळीच्या किल्ल्यावरचा भालेवाला मावळा चालतो आहे. तुमच्याकडे जास्तीचा राजा असेल तर ६ तारखेला घेऊन या. नसला तरी या, तुमचा कुलकुलांचा डबा भरून ठेवला आहे.

आपले,
प्रतापनगरातल्या एका बिल्डिंगमधले आईबाप आणि पोट्टे