स्पीकरला साजेसा ॲम्प्लिफायर

संपादक महोदय,

घरी संगीत ऐकण्यासाठी लाखभर रुपयांचे स्पीकर घेणारे अनेक जण ॲम्प्लिफायर निवडताना केवळ वॅटचा आकडा पाहतात आणि विक्रेतेही तोच पुढे करतात, याची खंत वाटते म्हणून हे पत्र. १ वॅटला १ मीटरवर ८४ डेसिबल देणाऱ्या स्पीकरला, ९० डेसिबल देणाऱ्या स्पीकरइतकाच आवाज काढण्यासाठी चौपट शक्ती लागते. त्याहून दुर्लक्षित राहतो तो इम्पीडन्स, म्हणजे स्पीकर विद्युतप्रवाहाला करतो तो विरोध, जो ओहममध्ये मोजतात. स्पीकरच्या पाठीवर ८ ओहम लिहिलेले असले तरी अनेक स्पीकरमध्ये काही कंपनसंख्यांवर तो ३-४ ओहमपर्यंत उतरतो आणि तिथे पुरेसा विद्युतप्रवाह देऊ न शकणारा ॲम्प्लिफायर डग्ग्याची घुमक बोथट करतो. माझ्याकडे हेच घडले. वर्षभर मी स्पीकरलाच दोष देत होतो. उलट, बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात घडवलेला एलएस ३/५ए हा छोटा स्पीकर कमी संवेदनशील (तेवढ्याच शक्तीत कमी आवाज देणारा) असूनही, मूळचा १५ ओहमचा असल्याने, व्हॉल्व्हच्या (जुन्या पद्धतीच्या निर्वात नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरशी सुरेख जुळतो. महागड्या तारांवर खर्च करण्याआधी (जाड आणि आखूड तांब्याची तार बहुधा पुरते) ग्राहकांनी ॲम्प्लिफायरची ४ ओहमवरील क्षमता आवर्जून विचारावी आणि विक्रेत्यांनी दोन्ही उपकरणे ग्राहकाच्याच खोलीत एकत्र ऐकवण्याची सोय करावी.

— एक श्रोता, पुणे