दुखत नाही म्हणून थांबू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्तनांच्या कर्करोगावर ऑक्टोबर महिन्यात बरेच छापून येते, गुलाबी फिती लावून शहरात फेऱ्याही निघतात. त्याचा उपयोग होतोच. पण राधानगरी, गगनबावड्याकडच्या वाड्या-वस्त्यांवर नोकरी केलेली आरोग्य सहायिका म्हणून मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. ज्या बायका उशिरा येतात, त्यांतल्या बहुतेकींच्या हाताला स्तनातली गाठ केव्हाच लागलेली असते. ती दुखत नाही, म्हणून त्या थांबलेल्या असतात.

"ऊस गेला की जातो." "पोरीचं लग्न उरकू दे." "दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग कशाला उगंच दवाखाना?" ही वाक्ये मी इतक्या घरांत ऐकली आहेत की गावांची नावे आता एकमेकांत मिसळली. आणि घात इथेच होतो. सुरुवातीच्या कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना ठणका लागतो, तो सहसा साधा असतो. न दुखणारी, टणक, जागची न हलणारी गाठ मात्र त्याच आठवड्यात दाखवायला हवी. बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तासारखा स्राव येणे, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, काखेत गाठ लागणे हेही तसेच. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते ठरवायचे तपासणीने, घरी बसून किंवा पाल्याचा लेप लावून नव्हे.

आपल्या जिल्ह्यातली बाई पहाटे आणि संध्याकाळी म्हशीची धार काढते. एका सडाला जरा गाठ लागली, कास गरम वाटली, तर दूध घालायला जायच्या आधी डॉक्टरला फोन जातो. दगडी, म्हणजे कासेचा आजार, होईल म्हणून सगळे घर जागे होते. तीच बोटे, तीच पारख. स्वतःच्या अंगाबाबत मात्र ती सहा महिने गप्प राहते, आणि घरातले कोणी विचारतही नाही. नवऱ्यांनी, मुलांनी विचारले पाहिजे. यात लाजण्यासारखे काही नाही.

2022 सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना हा कर्करोग नव्याने झाला आणि 98 हजारांहून अधिक जणी दगावल्या. आपल्याकडे निम्म्याहून अधिक रुग्ण पुढच्या टप्प्यात पोहोचल्यावरच येतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयोगटातल्या शंभर स्त्रियांत एकीचीही स्तनतपासणी झालेली दिसली नाही.

यावर उपाय महागडे यंत्रच हवे असेही नाही. टाटा मेमोरियलने मुंबईत 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर मोठा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींची तपासणी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी, म्हणजे डॉक्टर नसलेल्या बायकांनी, दर दोन वर्षांनी हाताने केली. त्या गटात आजार आधीच्या टप्प्यात सापडू लागला. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या आजाराचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. हे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. पन्नाशीच्या आतल्या गटात तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवे.

सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीची पाच वर्षांतून एकदा ही तपासणी व्हायची आहे. मला विचाराल तर पाच वर्षे फार झाली. पण तेवढी तरी होते का? आशाताई फॉर्म भरते, बीपी-शुगर होते आणि स्तनतपासणीचा रकाना तसाच पुढे सरकतो. एकच खोली, पडदा नाही, दारात पुरुषांची रांग. अशा ठिकाणी कोणती बाई पदर काढेल? मी कर्मचाऱ्यांना दोष देत नाही. मी त्यांच्यातलीच आहे. पडदा आणि आठवड्यातली एक ठरलेली दुपार, एवढ्याने खूप फरक पडेल.

गाठ दाखवायला आलेल्या बायकांच्या मनात दोन भीती असतात. सुई घातली की आजार पसरतो, ही पहिली. तो पसरत नाही, आणि तुकडा तपासल्याशिवाय नेमके उपचार ठरतच नाहीत. दुसरी, स्तन काढूनच टाकतील. गाठ लहान असताना आल्यास अनेकींचा स्तन वाचवून शस्त्रक्रिया करता येते. "मी तीन लेकरं अंगावर पाजली, मला कसा होईल?" असेही विचारतात. पाजल्याने धोका कमी होतो, संपत नाही. घराण्यात कोणाला नसला तरी होतो. बहुतेक रुग्णांच्या घरात तो आधी नसतोच. खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि त्यात कर्करोगाचे उपचार येतात. जाताना आधार आणि रेशनकार्ड सोबत असू द्यावे. कुठे जावे कळत नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत दाखवावे.

जिल्ह्यात गावोगावी दूध संस्था आहेत, महिला बचत गट आहेत. संस्थांनी वर्षातून एकदा दूध संकलनानंतर आपले सभागृह दोन तास फक्त बायकांसाठी मोकळे करावे आणि उपकेंद्रातल्या सिस्टरला बोलवावे. पाळी सुरू झाल्यावर साधारण आठवड्याने, पाळी गेलेल्यांनी महिन्याची एक तारीख धरून स्वतः कसे पाहायचे, तेही तिथेच शिकवता येईल. मात्र घरच्या पाहण्याने सिस्टरची तपासणी चुकवू नये.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे. कोणत्या आरोग्य केंद्रात स्त्रियांची ही तपासणी कोणत्या वारी, कोणत्या वेळी होते, याची तालुकावार माहिती आरोग्य विभागाकडून मागवून दर महिन्याला जिल्हा पानावर छापावी. जिथे ती होत नाही, तिथे तसे लिहावे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
कोल्हापूर