माझ्या हातांबद्दल, सविस्तर

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, तू विचारलंस की बोटं एवढी सुजल्यासारखी का दिसतात, आणि बाबा लगेच म्हणाले की नसेल झेपत तर सोडून दे ती नोकरी. फोनवर घाईघाईत नीट काही सांगता आलं नाही. तुम्ही दोघं रात्ररात्र विचार करत बसाल हे मला माहीत आहे, म्हणून जे आहे ते सगळं लिहून काढते.

दुखतं, हे खरं आहे. वेअरहाऊसमधलं काम शेवटी हातांचंच काम. खोकी उचलायची, स्कॅन करायची, टेप मारायची, पॅलेटवर रचायची आणि रचून झालं की त्याभोवती प्लॅस्टिकची फिल्म ताणून गुंडाळायची. पाय थकतात, कंबर धरते, पण शिफ्ट संपल्यावर सगळ्यात जास्त जाणवतात ती बोटं. सकाळी उठल्यावर मूठ पूर्ण वळत नाही. कोमट पाण्यात हात बुडवून बोटांची सावकाश उघडझाप केली की थोड्या वेळात मोकळी होतात. सुरुवातीला तर बरणीचं झाकण उघडणं, ओला कपडा पिळणं, शर्टाची बटणं लावणं हेसुद्धा जड जायचं. आता तेवढं राहिलेलं नाही.

हे दुखणं येतं कुठून ते समजल्यावर माझी निम्मी भीती गेली, म्हणून तुम्हालाही सांगते. बोटांमध्ये स्वतःचे स्नायू जवळजवळ नसतातच. बोटं वळवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात आणि तिथून लांब कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोरीसारखे पट्टे, बोटांच्या पेरांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीचे दोरे वरून ओढावेत आणि खाली तिचे हात हलावेत, तसंच. बाबा, डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवा. आतली हालचाल तळव्याला जाणवेल. म्हणून मी आता बोटं चोळत बसत नाही. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कोपरापासून मनगटाकडे हळूहळू दाबत येते. कोपराच्या जरा खाली एक गाठीसारखी जागा लागते, तिथे थोडा वेळ दाब दिला की थेट मधल्या बोटापर्यंत सैल झाल्यासारखं वाटतं.

आणखी एक गोष्ट. स्नायू काही आठवड्यांत नव्या कामाला सरावतात, पण कंडरांना रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे त्यांना बराच जास्त वेळ लागतो. अंगात जोर आल्यासारखा वाटतो आणि कंडरा अजून मागेच असतात. नव्या माणसांचे हात बिघडतात ते बहुतेक याच काळात. म्हणून आमच्याकडे कोणी नवीन आलं की मी आधी हेच सांगते, अजून ताकद दाखवायला जाऊ नकोस.

वजनापेक्षा वेग जास्त त्रास देतो, असं माझं ठाम मत झालंय. जड खोकं माणूस जपून, दोन्ही हातांनी, अंगाजवळ धरून उचलतो. हलकं खोकं मात्र घाईत एका हाताच्या चिमटीत उचललं जातं, आणि तेच शिफ्टभर चालतं. चिमटीत जो जोर लावता येतो तो पूर्ण मुठीच्या जोराच्या जेमतेम पाव असतो. म्हणजे तेच खोकं चिमटीत धरलं की बोटांवर आणि अंगठ्याच्या मुळाशी कितीतरी जास्त ताण. म्हणून आता खोकं हलकं असलं तरी मी एक तळहात खाली घालते आणि दुसरा समोरच्या कोपऱ्यावर ठेवते. खोक्यांना प्लॅस्टिकची अरुंद पट्टी बांधलेली असते ना, तिला धरून तर कधीच उचलत नाही. सगळं वजन दोन बोटांच्या गादीवर येतं आणि नखाखालचा भाग पांढरा पडतो.

मनगट सरळ ठेवणं हेही तितकंच महत्त्वाचं. मनगट आत वाकवून मूठ घट्ट आवळून बघा, जोर लागतच नाही. खालच्या फळीवरचा माल काढताना आपोआप मनगट वाकतं, म्हणून तिथे मी गुडघे वाकवून खालीच बसते. दोन सेकंद जास्त जातात, जाऊ देत.

बाबा, तुम्ही चांगले जाड हातमोजे पाठवतो म्हणालात. पाठवू नका. मोजा जाड किंवा सैल असला की वस्तूचा अंदाज येत नाही आणि पकड टिकवायला उलट जास्त आवळावं लागतं. मला बोटांना चपखल बसणारे, तळव्याला रबरासारखा पातळ थर असलेले हवे असतात. ते खोक्याला धरून राहतात, त्यामुळे मूठ थोडी सैल ठेवली तरी चालतं. थर गुळगुळीत झाला की जोडी बदलायची. तसे मोजे आम्हाला कामावर मिळतात.

त्वचेबद्दल आई तुझी शंका बरोबर होती, त्या भेगाच आहेत. दिवसभर पुठ्ठा हाताळला की तो हाताचा सगळा ओलावा शोषून घेतो, पेरांवर चिरा पडतात आणि त्यात टेपची कड लागली की झोंबतं. रात्री हात धुऊन, त्वचा जरा ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावते आणि सुती मोजे घालून झोपते. भेगा भरत आल्यात.

बर्फ, शेक, मलम याबद्दल फार लिहीत नाही. सकाळी बोटं आखडलेली असतील तेव्हा ऊब बरी वाटते. शिफ्टनंतर एखादा सांधा गरम आणि सुजलेला असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. दुखण्याच्या गोळ्या घेऊन काम रेटायचं नाही असं मी ठरवलंय, कारण दुखणं दबलं की हात कुठे थांबायला सांगतोय तेच कळत नाही. आणि बाबा, विषय निघालाच आहे तर सांगते. तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू आहे. गुडघ्यांसाठी घरात पडलेल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांनी रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता ज्याची तुम्हाला खरी काळजी आहे ते. कामाने अंबलेला हात आणि बिघडत चाललेला हात यात फरक असतो आणि तो मी नीट समजून घेतलाय. दोन्ही हातांत सारखं पसरलेलं, सुट्टीच्या दिवशी उतरणारं दुखणं हे थकव्याचं. बिघडत चाललेल्या हाताचं वेगळं असतं. मनगटात पुढच्या बाजूला हाडं आणि एक जाड पट्टा मिळून अरुंद बोगदा तयार होतो. त्यातून नऊ कंडरा आणि एक नस जाते. कंडरा सुजल्या की नसेवर दाब येतो. मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू इथे मुंग्या येतात. करंगळीत येत नाहीत, कारण तिची नस वेगळ्या वाटेने जाते. यातली मोठी खूण म्हणजे रात्री मुंग्यांनी जाग येणं आणि हात झटकावासा वाटणं. असं सुरू झालं तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. हातातून वस्तू निसटायला लागेपर्यंत किंवा बधिरपणा कायमचा बसेपर्यंत वाट बघायची नाही. मला सध्या यातलं काहीही नाही.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकीला अंगठ्याच्या बाजूने मनगटात कळ यायची. डॉक्टरांनी तिला अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितलं, तेवढ्याने ती कळवळली. या दुखण्याला दे केर्व्हां यांचं नाव आहे. त्या स्विस शल्यविशारदाने १८९५ साली त्याचं वर्णन केलं होतं. तिला पट्टा आणि काही दिवस वेगळं काम मिळालं, आता बरी आहे. दुसऱ्या एकाचं बोट सकाळी वाकलेलं अडकतं आणि खटकन सुटतं. तोही उपचार घेतोय. हे घाबरवायला लिहीत नाही. वेळेवर दाखवलं तर यातली बरीच दुखणी ऑपरेशनशिवाय आटोक्यात येतात, एवढंच सांगायचंय.

मी सुपरवायझरशी बोलले. नुसतं "हात दुखतात" म्हटलं असतं तर "सगळ्यांचेच दुखतात" हेच ऐकावं लागलं असतं. म्हणून सांगितलं की फिल्म गुंडाळताना रोलचा पुठ्ठा तळहातात फिरतो, त्याला ब्रेक लावायला अंगठा सतत दाबून धरावा लागतो आणि तिथेच दुखतं. त्यांनी स्वतः एक पॅलेट गुंडाळून बघितलं. पुढच्याच आठवड्यात दांडा असलेलं यंत्र आलं, त्यात रोल बसवायचा आणि दांडा धरून चालायचं. शिवाय आता एकाच माणसाला शिफ्टभर पॅकिंग देत नाहीत. अर्धा वेळ टेप, मग ट्रॉली ढकलणं किंवा मोजणी. टार्गेट तेच आहे. त्यावर माझं समाधान नाही आणि मी ते पुन्हा काढणार आहे.

बाबा, नोकरी सोडणार नाही. मला हे काम आवडतं. माल बरोबर जागी, बरोबर वेळेत गेला की बरं वाटतं, आणि माझ्याबरोबरची माणसं चांगली आहेत. हात ऐकेनासे झाले तर मी तुमच्या आधी सांगेन, हा शब्द देते.

आई, आता तुझं. झाकण फिरवताना तू अंगठ्याचं मूळ दाबून धरतेस, ते माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. तुझ्या वयात त्या सांध्याची झीज बऱ्याच बायकांना होते, आणि आधार देणारा छोटा पट्टा, थोडे व्यायाम यांनी आराम पडतो. वयाचं दुखणं म्हणून सोडून देऊ नकोस. या महिन्यात हाडांच्या डॉक्टरांची वेळ घे आणि दिवस मला कळव. मी त्या दिवशी शिफ्ट बदलून घेते, म्हणजे फोनवर त्यांच्याशी मलाही बोलता येईल. बाबा, तुम्ही तिच्याबरोबर जा, आणि तुमच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या.

तुमची लेक