खालच्या मजल्यावरच्या अण्णांना

तीर्थस्वरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि चहाचा विषय काढता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. शिवाय तुम्ही मुलाकडे पुण्याला राहायला गेल्यापासून जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीतल्या बायका मला हमखास विचारतात, "तुमच्या पोरांचा भूगोल एवढा पक्का कसा? कुठला क्लास लावलाय?" क्लास खालच्या मजल्यावर भरायचा, फी नव्हती आणि शिकवणारे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले कालवा निरीक्षक होते, असं सांगितलं की मी काहीतरी लपवतेय असं त्यांना वाटतं. तर आता सगळंच सांगून टाकते.

थोरली तेव्हा तिसरीत होती. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक ज्या त्या जिल्ह्याचं वेगळं, त्यामुळे तिच्या हातात सोलापूर जिल्हा होता आणि जिन्यात बसून अकरा तालुके पाठ करणं चाललं होतं. तुम्ही तिला थांबवलं नाहीत. पाठांतराला नाक मुरडणाऱ्यांतले तुम्ही नव्हतात, आणि मीही नाही. सांगोला हे नाव तोंडात बसलं नसेल तर पोर ते नकाशात शोधणार तरी कशाला? अकरावं नाव झाल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "तुझ्या आईनं आत्ता गॅलरी धुतली. ते पाणी कुठं चाललंय?"

"गटारीत."

"आणि गटार?"

"नाल्यात."

"आणि नाला?"

इथं तिची गाडी अडली. तुम्ही घरात जाऊन सर्व्हे ऑफ इंडियाचं टोपोशीट, म्हणजे चढ-उतार आणि नद्यानाले दाखवणारा सरकारी नकाशा, घेऊन आलात. 47 ओ ह्या नंबराच्या भागातलं, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटरवालं, मागून कापड चिकटवलेलं, समासात तुमच्या पेन्सिलीनं गेजचे, म्हणजे पाण्याच्या पातळीचे, आकडे लिहिलेले. तिचं बोट धरून तुम्ही नाल्याच्या निळ्या रेघेवरून नेलंत ते थेट सीना नदीत. शीट संपलं तेव्हा खाली दुसरं जोडलंत, त्यावर कुडलला सीना भीमेत मिळाली, आणि भीमा कागदाच्या उजव्या कडेनं बाहेर पडली. "पुढं?" असं विचारणारी आता ती होती. कृष्णा, मग आंध्र, मग बंगालचा उपसागर. आमच्या गॅलरीतलं पाणी! त्या दिवसापासून आमच्या घरात कुठलाही नकाशा उघडला की आधी पाण्याची वाट शोधायची, गावं नंतर, अशी रीतच पडली.

धाकट्याला शीटवरच्या तपकिरी रेघा कळत नव्हत्या. त्याच्यासाठी तुम्ही परातीत शाडूचा डोंगर केलात. बोटभर पाणी ओतायचं, पाण्याच्या काठाकाठानं काडीनं रेघ ओढायची, परत बोटभर ओतायचं. पाणी काढून टाकल्यावर वरून बघितलं तर डोंगरावर रेघांची कडी उमटलेली. जिथं उतार उभा, तिथं रेघा एकमेकींना चिकटलेल्या. मग शीटवर दोन रेघांमध्ये वीस मीटरची उंची असते हे सांगायला तुम्हाला अर्धं मिनिट पुरलं. पुस्तकात समोच्च रेषांची व्याख्या पुढं कितव्या तरी इयत्तेत येते; तोवर ह्यानं त्या हातानं ओढून झाल्या होत्या.

गाडीतले नियम तुमचेच. नकाशा ज्याच्या हातात, तो पुढच्या सीटवर, मग तो सहा वर्षांचा का असेना (आमच्या ह्यांचा ह्याला विरोध होता, पण तुमच्यापुढं कोण बोलणार). "किती राहिलं?" असं कुणी विचारायचं नाही, मैलाचा दगड वाचायचा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. तुळजापूरला आम्ही वर्षानुवर्षं जातो, कोजागिरीला चालतसुद्धा गेलोय. पण हिप्परग्याचा तलाव कुठल्या ओढ्यावर आहे हे बघत, घाट यायच्या आधी "आता रेघा दाट व्हायला लागल्या, चढ येणार" असं पोरगी पुढून ओरडतेय आणि खरंच गिअर बदलावा लागतोय, ही मजा तुमच्यामुळं कळली. मागच्या सीटवरून तुमचा आवाज यायचा, "नकाशा उलटा धरालायस बे." मंगळवेढ्याला हुरडा खायला गेलो तेव्हा ज्वारी राहिली बाजूला, तुम्ही पोरांना जमिनीतल्या भेगेत काठी घालून खोली बघायला लावलीत. काळी माती परतीच्या पावसाचं पाणी धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते, हे ज्वारीच्या ताटातच उभं राहून ऐकलेलं पोरं विसरत नाहीत. विजयपूरच्या रस्त्यावर टाकळीचा पूल ओलांडला की पाट्या कन्नड होतात. म्हणजे इथं सरहद्द म्हणजे नदीच, हे कुणी सांगायची गरज उरली नाही.

कुडलबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. हत्तरसंग कुडल सोलापूरपासून इतकं जवळ, आणि मी जन्मापासून इथं राहून गेले नव्हते. मुलं हरिहरेश्वराच्या देवळात त्या एका लिंगावरची 359 मुखं मोजत बसली, तुम्ही पार संगमाच्या टोकाला जाऊन उभे. उजनी धरणातून आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं होतं. मुलं आली तशी तुम्ही विचारलंत, "ह्या दोघींतल्या कुठल्या नदीवर मोठं धरण असंल?" भीमेला पाणी होतं, सीना खडकांतून वाट काढत कशीबशी पोचत होती. दिवस थंडीचे, पाऊस केव्हाच संपलेला. पोरीनं दोन्ही काठांवरच्या ओल्या खुणा बघितल्या आणि भीमेकडं बोट केलं. तुम्ही "बरोबर" सुद्धा म्हणाला नाहीत. "का?" म्हणालात.

मग संगमेश्वराच्या देवळातली ती तुळई दाखवलीत. शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. जो हे वाचेल तो विजयी होईल अशा अर्थाचा मजकूर आहे म्हटल्यावर धाकट्यानं अक्षर कळत नसताना "मी वाचलं, मी जिंकलो" म्हणून देऊळ डोक्यावर घेतलं. हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी हे नेमकं इथंच का कोरावंसं वाटलं असेल, हा तुमचा प्रश्न परतीच्या वाटेवर गाडीत पुरला. दोन नद्या, दोन्हीकडून येणाऱ्या वाटा, देऊळ, जत्रा, बाजार. इतिहासाच्या तासाला पोरगी आता आधी नदी कुठली ते विचारते म्हणे.

उजनीचं तर पुराणच आहे. आपल्या नळाला उजनीचं पाणी दोन वाटांनी येतं: एक सरळ पाइपलाइननं, आणि दुसरं नदीत सोडलेलं, वळणं घेत पंढरपूरवरून औज-टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत. तुम्ही हे शीटवर दाखवत होतात आणि सासूबाई पोळ्या लाटता लाटता थांबल्या. "म्हणजे आपण चंद्रभागेचंच पाणी पितो की हो!" त्या दिवसापासून हंडा भरताना त्या हात जोडतात. आता ह्यात भूगोल किती आणि भक्ती किती, मी विचारत नाही.

"उजनी मायनसमध्ये गेली" हे वाक्य सोलापुरात लहान पोरालाही पाठ असतं. धरणात पाणी दिसतंय तरी उणे कसं, हे मात्र मोठ्यांनाही सांगता येत नाही. टक्केवारी उपयुक्त साठ्याची मोजतात. त्याच्या खाली मृतसाठा, म्हणजे एरवी वापरायला न धरलेलं तळाचं पाणी. उजनीची एकूण क्षमता 117 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणून पातळी त्या रेघेखाली गेली की आकड्याआधी उणे लागतं. थोरलीला ऋण संख्या शाळेच्या आधी उजनीनं शिकवल्या. एका उन्हाळ्यात तुम्ही आम्हाला पळसदेवला नेलंत, पाणी ओसरल्यावर उघडं पडलेलं पळसनाथाचं देऊळ बघायला. शिखराकडं मान वर करून बघताना एरवी ह्या जागी आपल्या डोक्यावर पाणी असतं म्हटल्यावर धाकटा आईचा पदर शोधायला लागला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही दोघांना भर दुपारी गच्चीवर बोलावलंत, तेव्हा मी खरंतर भांडायला वर आले होते. सोलापूरचं ऊन, फरशीवर पाय ठरत नव्हता, आणि तुम्ही टोपी घालून पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा ओळंब्यानं सरळ उभा करत बसलेले. साडेबाराच्या जरा आधी त्याची सावली आखडत आखडत बुडाशी गेली आणि नाहीशी झाली. पाइपात डोकावलं तर तळाशी उन्हाचा गोल, बाहेर चारही बाजूंना काही नाही. धाकटा उड्या मारून स्वतःची सावली शोधत होता. आपण 17 अंश 40 मिनिटांच्या अक्षांशावर, म्हणून आपली ही वेळ. कोल्हापूरच्या मावशीकडं हे आपल्या आधी होतं, पुण्यात तीनेक दिवसांनी, आणि दिल्लीच्या आत्याकडं कधीच नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडं. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य परत डोक्यावर येतो, पण तेव्हा ढगांची कृपा हवी. मी भांडायचं विसरून मावशीला फोन लावला. अक्षांश म्हणजे काय, हे मला दहावीला चांगले मार्क मिळूनही त्या दुपारी कळलं.

लोकांना वाटतं तुम्ही मोबाइलच्या विरोधात असाल. नव्हतात. जायचा रस्ता मोबाइलवर बघायचा आणि मुलूख कागदावर, एवढंच म्हणायचात. मला हे पटतं. मोबाइल वळण आलं की सांगतो, पण आपण कुठली नदी मागं टाकली, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

गेल्या पावसाळ्यात आम्ही भीमाशंकरला गेलो. गुडघ्यांमुळं तुम्ही आला नाहीत, पण फोनवर प्रश्न दिलात: "तिथं उभं राहून कुठला समुद्र जवळ आहे ते सांगा." धुकं फाटलं तसं खाली कोकण दिसलं. अरबी समुद्र त्याच बाजूला, आणि भीमा त्याच्याकडं पाठ करून सगळं दख्खन ओलांडायला निघालेली. तिकडं धो धो पाऊस आणि आमच्याकडं त्याच नदीकाठी वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्री ढग कसे अडवतो, हे पोरांनी भिजून बघितलं. पोरगी म्हणाली, "अण्णांना सांग, नदीनं लांबचा समुद्र निवडला." तो निरोप तुम्हाला तेव्हाच दिलाय, इथं लोकांसाठी परत लिहिला.

आता कामाचं. भीमा कृष्णेला मिळते ती रायचूरच्या उत्तरेला. सगळी नोकरी भीमेच्या पाण्यावर काढली, पण ती संपते कुठं ते बघायचं राहिलं, असं तुम्ही एकदा बोलून गेला होतात. पोरांनी ते धरून ठेवलंय. त्यासाठी 47 ओ पुरत नाही, शेजारचं 56 सी, त्याखालचं 56 डी आणि संगमासाठी 56 एच लागतं. त्यातली शीट्स थोरलीनं सर्व्हेच्या वेबसाइटवरून उतरवून, छापून, खळ लावून जोडलीत. दिवाळीच्या सुट्टीत गाडी निघेल. तुम्ही पाडव्यापर्यंत सोलापुरात या, गुडघ्याचा पट्टा बरोबर घ्या. आणि एक आधीच सांगून ठेवते: नकाशा धाकट्याकडं असणार आहे, त्यामुळे तुम्हाला मागं बसावं लागेल.

तुमची,
वरच्या मजल्यावरची